पट्ट्याखालचा विंचू

माझ्या डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला, एक विंचू राहतो. अख्खा नाही आता. त्याचं धड कधीच जळालं, तिथे रुपयाएवढा चकचकीत, आक्रसलेला डाग आहे. पण डागाच्या कडेतून वाकडी नांगी अजून बाहेर डोकावते. पन्नास वर्षं मी तिच्यावर रुंद पट्ट्याचं घड्याळ बांधत आले. घड्याळं बदलली, पट्ट्याची रुंदी बदलली नाही. सावनेरच्या शाळेत शिकवायचे तेव्हा पोरी विचारायच्या, "मॅडम, तुम्ही माणसाचं घड्याळ काहून घालता?" मी म्हणायचे, "तुमचा तास लवकर संपत नाही ना, म्हणून मोठं लागते." पोरी हसायच्या आणि विषय संपायचा.

विषय संपवण्यात मी पहिल्यापासून पटाईत. डाग कोणाला दिसलाच तर त्याचीही गोष्ट तयार होती: लग्नाआधी सांबारवडी, म्हणजे कोथिंबीरवडी, तळताना तेल उडालं. ही गोष्ट मी सासरी सांगितली, शाळेत सांगितली, मुलांना सांगितली. सर्व्हिस बुकात ओळखीच्या खुणेपुढे हेडक्लार्कने माझ्याकडून ऐकून टपोऱ्या अक्षरात लिहून टाकलं, 'डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण.' सरकारनेही विश्वास ठेवला, मग बाकीच्यांचं काय.

खरी गोष्ट माझ्या मायबापांना माहीत होती आणि माझ्या नवऱ्याला. तिघंही गेले. नवरा गेला त्यालाही आता सात वर्षं होतील. तेव्हापासून विंचू माझ्या एकटीचा होता, आणि तो माझ्यासोबतच जाणार अशी माझी खात्री होती. गेल्या उन्हाळ्यात नातीने ती मोडली.

नात माझ्या मुलाची, एकोणीस वर्षांची. तिला फौजेत जायचं आहे. कोणत्या तरी केंद्राच्या दलात भरती निघाली होती. ही पहाटे उठून ग्राउंडवर पळायची आणि घरी येऊन सहा पोळ्या खायची. पळण्यात पास झाली तेव्हा तिने मला कडेवर उचललं होतं. उरली होती फक्त मेडिकल, तीही दोन महिन्यांवर.

एका दुपारी, कूलरच्या घरघरीतही मला मोरीतून एक आवाज ऐकू आला. खर्र, खर्र. थांबायचा, आणि पुन्हा खर्र. तो आवाज मला ओळखीचा वाटला. कुठला, ते लगेच आठवेना. स्वयंपाकघरात गेले तर मिठाची बरणी जागेवर नव्हती. मग आठवलं.

"काय करून राहिली वं?" मी दार वाजवलं.

"काही नाही. आंघोळ."

"आंघोळीले मीठ कायले पाहिजे?"

मग कडी निघाली. पोरगी पाटावर बसली होती. एका हातात टाच घासायची वजरी, बाजूला मीठ आणि पिळलेलं लिंबू, आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत लालबुंद. त्या लालीत तिचा टॅटू होता तसाच होता. अठराव्या वाढदिवसाला सीताबर्डीवर जाऊन काढून आणलेला: एक मोरपीस, त्याच्या टोकापासून केस सुटून त्यांचे उडते पक्षी झालेले. पिसाचा डोळा हिरवा. तेव्हा तिचा बाप तिच्याशी चार दिवस बोलला नव्हता. मी मात्र "छान आहे" म्हणाले होते. मी दुसरं काय म्हणणार?

"भरतीच्या क्लासचे सर म्हणाले, सॅल्यूट मारायच्या हातावर चालत नाही," ती म्हणाली. "मेडिकलमध्ये हात पाह्यतात. डाव्या हातावर असता तर चाललं असतं."

"मग डाव्यानं मार ना सॅल्यूट."

"आजी, मस्करी नको करू!" आणि ती रडायला लागली. कडेवर उचलणारी पोरगी पाटावर बसून नाक ओढत होती. मग हळूच म्हणाली, "मी एक बाटली मागवली आहे. फोनवर व्हिडिओ आहे. ॲसिडचे थेंब टाकायचे, आठ दिवसात खपली धरते आणि टॅटू खपलीसोबत निघून जाते. उद्या येईल बाटली."

खपलीसोबत निघून जाते. हेच शब्द मी ऐकले होते. फोन नव्हता तेव्हा, एक दात पडलेली म्हातारी होती, एवढाच फरक.

मी तिला बाहेर आणलं, हात थंड पाण्याने धुतला, कूलरसमोर बसवलं. "बाटली येऊ दे, लावू नको," म्हटलं. ती काही बोलेना. न बोलणारी पोरगी म्हणजे लावणार असलेली पोरगी, हे मी तीस वर्षं वर्गात पाहिलं आहे. उपदेश करून उपयोग नव्हता. मी घड्याळ सोडलं आणि हात तिच्या मांडीवर ठेवला.

तिने पाहिलं. बोटाने नांगीवरून रेघ ओढली.

"आजी, हे तेलानं कसं झालं?"

"तेलानं नाही झालं," मी म्हटलं.

आता तुम्हालाही सांगते. मी सतरा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. कोराडीचं पॉवर हाऊस नवं नवं होतं, बाबा तिथे लागले होते, आम्ही कॉलनीत राहायचो. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर राखेचा बारीक थर बसायचा आणि मी तेच पांढरे कपडे घालून कॉलेजच्या बसची वाट बघत उभी राहायचे, कारण पांढऱ्या कपड्यात मी गंभीर दिसते असा माझा समज होता. दोन वेण्या, एक वही, आणि सगळ्या जगाबद्दल एक मत. आज ती पोरगी मला रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख दाखवणार नाही.

नवरात्रात देवीची जत्रा भरायची. आमच्या घरचं तिथे काही काम नव्हतं. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली तेव्हा मी मायच्या पोटात होते. बाबा मोठ्या ऐटीत सांगायचे, "हिनं तर बाहेर याच्या आधीच दीक्षा घेतली." घरातले देव तेव्हाच गेले. राहिले ते मायच्या हातावरचे. कुहीकडच्या तिच्या माहेरी, ती पाच-सहा वर्षांची असताना, गोंदणारीण दारात आली आणि माझ्या आजीने तिला मांडीत दाबून दोन्ही हात गोंदवून घेतले होते. एका हातावर तुळस, दुसऱ्यावर पाळणा, कपाळावर ठिपका. शेजारीण एकदा म्हणाली, "तुमचे देव गेले तरी हातावर तुळस आहेच." माय भांडी घासता घासता म्हणाली, "घरचे नेऊन सोडता आले, बाई. हात कुठं सोडून येऊ?"

तर त्या जत्रेत मी मैत्रिणीसोबत गेले. घरी सांगितलं, अभ्यासाला जाते. जत्रेत गोंदणारीण नव्हती, बॅटरीवर मशीन चालवणारा एक माणूस होता आणि त्याच्या मागे चित्रांचा कापडी फलक. फूल, बाण लागलेलं काळीज, नाग, गदा, विंचू. मैत्रिणीने फूल काढलं. मला फूल? मी काय साधी मुलगी होते? मी फलकावर बोट ठेवलं. माणूस म्हणाला, "बाई, हा पैलवान लोक काढतात." एवढं म्हटल्यावर तर माघार घेणं शक्यच नव्हतं. मशीन चालू झालं आणि पैलवानाने बोंब ठोकली. अर्धी जत्रा बघायला जमली.

घरी आले तेव्हा मनगटावर रुमाल होता. बाबांनी तो सोडला. मला मार बसला असता तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि मायकडे हात करून म्हणाले, "तिच्या हातावर काढलं तेव्हा तिले कोणी विचारलं नव्हतं. तू तर रांगेत उभी राहून काढून घेतलं." बस, एवढंच. त्या दिवशी ते जेवले नाहीत. माय माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या हातांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी विंचू काढायला लागले. आधी मीठ, मग राख. कॉलनीत राखेला काय तोटा! खिडकीच्या कठड्यावरून पुसून घ्यायची आणि काथ्याने घासायची. खर्र, खर्र. कातडी सोलली, विंचू उलट उजळला, जसा काही मीच त्याला चकाकी देत होते. मग चुना आणि धुण्याचा सोडा. त्याने बोटं सोलली. शेवटी आमच्या रांगेतल्या त्या म्हातारीने उपाय सांगितला: बिब्बा. धोबी कपड्यावर खूण करतात ना, तो. सुईने टोचायचा, त्याचं तेल चित्रावर लावायचं. "आठ दिवसात खपली धरते, अन् खपलीसोबत निघून जाते, पोरी."

नांगीवर लावायच्या आत मला आग सहन झाली नाही, म्हणून नांगी वाचली. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, फोड आले, अंगभर खाज, ताप. दवाखान्यातल्या डॉक्टरने मला नाही, मायला झापलं. रात्रंदिवस ती माझा हात उशीवर ठेवून फडक्याने वारा घालायची. एकदा माझी झोप लागली असं समजून तिने तिचा तुळशीचा हात माझ्या हातापाशी ठेवला आणि दोन्हीकडे बराच वेळ बघत बसली. मी डोळे मिटूनच राहिले.

आणि माझं नशीब असं की महिन्याभरात इंदोऱ्याचं स्थळ आलं. मनगटाला पट्टी. होणाऱ्या सासूने बसल्या बसल्या विचारलं, "हाताले काय झालं?" माझी माय, जी आयुष्यात खोटं बोलली नव्हती, समोरच्या ताटाकडे बघून म्हणाली, "सांबारवडी तळताना तेल उडालं." ताटात सांबारवडी होती म्हणून ते वाचलं. नाहीतर बिचारी काय बोलली असती देव जाणे. देव नव्हते, तरी जाणोत.

सासूने त्यातून एवढंच घेतलं की पोरीला कढईजवळ जाऊ द्यायचं नाही. लग्नानंतर घरात सांबारवड्या व्हायच्या, सांबाराच्या हिरव्यागार जुड्या यायच्या, सगळ्या बाया बसून निवडायच्या. तळायची वेळ आली की सासू म्हणायची, "तू सरक वं, बाहेर बस." मी बाहेर बसून वर्तमानपत्र वाचायचे. सतरा वर्षांच्या त्या वेडीने मला दिलेलं हे एकच सुख.

नवऱ्याला कळलं ते तिसऱ्या महिन्यात. मी कणीक मळत होते, घड्याळ काढून खिडकीत ठेवलं होतं. तो पाणी प्यायला आला आणि माझ्या हाताकडे बघत उभा राहिला.

"तेलाच्या थेंबाले नांगी कशी वं फुटली?"

मी कणकेत हात ठेवून रडत रडत सगळं सांगितलं. राख, चुना, बिब्बा, पैलवान. त्याने पेला खाली ठेवला आणि हसला. असा हसला की सासू बाहेरून विचारायला लागली काय झालं म्हणून. तो म्हणाला, "काही नाही, आई, पाणी ठसक्यात गेलं." त्यानंतर आयुष्यभर, घरात कढई चढली की तो आईला म्हणायचा, "तिले नको बोलावू. कढई भेते तिले." आणि माझ्याकडे न बघता बाहेर जायचा. चाळीसच्या वर वर्षं हा एकच विनोद. तो गेल्यापासून घरात वड्या झाल्या की कोणी काही म्हणत नाही. आधी विनोदाचा कंटाळा यायचा.

नातीला हे सगळं सांगून झालं तेव्हा दुपार कलली होती. ती आधी हसली. पैलवानापाशी तर लोळली. मग विचारलं, "लय दुखलं होतं का?"

"दुखलं ते महिन्याभरात थांबलं. डाग पाहा. तुझ्या मेडिकलच्या डॉक्टरले हा दाखवशील?"

ती माझ्या डागावर बोट ठेवून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी बाटली आली ती तिने स्वतः परत पाठवली.

मग आम्ही दोघी धंतोलीला त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेलो. तरुण बाई, बोलायला मोकळी. तिने भिंग लावून मोरपीस पाहिलं आणि सांगितलं, मलमाने टॅटू जात नाही. शाई कातडीच्या आतल्या थरात असते, मलम पोचतं ते वरच्या. ॲसिड पोचतं, पण शाईसोबत तुम्हालाही नेतं. पूर्वी कातडी घासून काढत, त्याने व्रण राहतो. लहान टॅटू असेल तर तेवढी कातडी कापून टाके घालता येतात, एकाच वेळी काम होतं, पण रेघ राहते. नाहीतर लेझर. लेझरने शाईचे बारीक बारीक कण होतात आणि ते शरीर हळूहळू स्वतःच वाहून नेतं.

"किती दिवस?" नातीने विचारलं.

"सहा ते आठ बैठका. दोन बैठकांमध्ये दीड-दोन महिने तरी. काळी शाई लवकर जाईल. हा हिरवा डोळा त्रास देईल."

"माझी मेडिकल दोन महिन्यांवर आहे."

डॉक्टरणीने भिंग खाली ठेवलं. "तोपर्यंत लेझरने होणार नाही. कापून होईल, पण एवढं लांब पीस म्हणजे मोठी जखम. टाके ओढले जातील, त्यात तुमचं पळणं. मी करणार नाही."

नात खिडकीकडे बघत होती. ज्याचा हात, त्याने बोलावं. बाबांचं 'तिले कोणी विचारलं नव्हतं' हे वाक्य मला त्या खुर्चीत पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने ऐकू आलं.

"पुढची भरती निघेल तेव्हा माझं वय बसते," ती शेवटी म्हणाली. "लेझर करा."

दिवस ठरला. डॉक्टरणीची नजर माझ्या मनगटाकडे गेली. त्या दिवशी मी घड्याळ बांधायचं विसरले होते. "आजी, ही नांगी तर दोन बैठकांत जाईल. काढून टाकू?"

"नको वं बाई," मी म्हटलं. "तिथे काही बदललं तर पेन्शनवाले म्हणतील, ही ती बाई नाही."

नात खो खो हसली. डॉक्टरणीला वाटलं मी खरंच पेन्शनला भिते.

पहिल्या बैठकीला मी सोबत होते. डोळ्यांवर दोघींना काळे चष्मे. मशीनचा आवाज टक्‌ टक्‌ टक्‌, रबर बँड ओढून सोडल्यासारखं वाटतं म्हणाली. पैलवानाची नात, पण ओरडली नाही. माझं बोट तेवढं दाबून धरलं होतं. वर बर्फ, मलम, पट्टी. फोड आला तर फोडायचा नाही, ऊन लागू द्यायचं नाही. त्या दोन महिन्यांनंतरची मेडिकल तिच्याशिवाय झाली. त्या दिवशी ती ग्राउंडवर गेली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिच्याजवळ बसले. संध्याकाळी उठून तिने सहा पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पळणं, पूर्ण बाहीचा शर्ट घालून. मे महिन्यात नागपुरात पूर्ण बाही! लोक बघायचे. पहिले उडाले ते पक्षी, काळे होते म्हणून. मग पिसाचे केस विरळ झाले. आता चार बैठका झाल्या आहेत. हातावर पीस असं नाही, पीस होतं असं दिसतं. हिरवा डोळा तेवढा अजून आमच्याकडे टक लावून पाहतो.

घरात आता सगळ्यांना विंचू माहीत आहे. सून म्हणाली, "म्हणजे आई, तुम्ही आजवर वड्या तळल्याच नाहीत ते उगाचच?" मी म्हटलं, उगाच कसं, कढई भेते ना मले. कोणाला कळलं नाही. नात हसली, तेवढं पुरलं. घड्याळ मी अजून बांधते. सवय आहे.

परवा पुढच्या भरतीची जाहिरात आली. नात फोनवर फॉर्म भरत बसली. ओळखीच्या खुणेचा रकाना आला तशी थांबली. मागच्या फॉर्ममध्ये तिने तिथे ऐटीत 'उजव्या हातावर मोरपीस' लिहिलं होतं. आता काय लिहायचं? आरशात पाहिलं, हात पाहिले, पाय पाहिले. मग मला म्हणाली, "आजी, मले पाह्य ना वं. कुठं काही आहे का?"

मी चष्मा चढवला. तिची हनुवटी धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवली. जबड्याच्या कडेखाली, मानेच्या सुरुवातीला, मोहरीएवढा तीळ होता. तिला माहीतच नव्हता.

"हा कधी आला?" ती बोटाने चाचपत म्हणाली.

"जन्मापासूनचा आहे. तुले विचारून नाही आला."

तिने तो लिहिला. मग फॉर्म पुढे पाठवायच्या आधी एकदा हात लांब करून उजेडात धरला आणि हिरव्या डोळ्याकडे बघत म्हणाली, "डॉक्टर म्हणते अजून दोन बैठका. तोपर्यंत जाईल ना, आजी?"

मी तिचा हात माझ्या मांडीवर घेतला, नीट पाहिला. "पक्षी गेले," मी म्हटलं. "डोळाही जाईल. नाही गेला तर आणखी एक बैठक. पण मोरीतली वजरी मी फेकून दिली आहे, शोधत बसू नको."